गृहनिर्माण, कामगारांचे : मुंबई व रत्नागिरी

अल्प व अनिश्चित उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा भाड्याने वा किंमतीने घरे मिळावीत, या हेतूने स्थानिक स्वराज्य संस्था, वैधानिक मंडळे व राज्यशासन यांनी आखलेल्या योजनांचा समावेश कामगारांच्या गृहनिर्माणात होतो. महाराष्ट्रात या प्रयत्नांचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई शहरात झाला आणि त्याचा सर्वाधिक निकटचा संबंध रत्नागिरी जिल्ह्याशी आला. १९८१ पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचाही समावेश होता. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व घरकामात जो मोठा श्रमिक वर्ग होता, त्यातील फार मोठा हिस्सा या एका जिल्ह्याने पुरविला. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक-पंचमांश लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्यामुळे मुंबईतील घरांचा प्रश्न आणि कोकणातील घरांचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच कुटुंबाच्या दोन बिऱ्हाडांचे प्रश्न होते. ही गोष्ट योजनाकारांच्या फारशी ध्यानात आली नाही व तिचे परिणाम शंभर वर्षे दिसत राहिले.

या दोन बिऱ्हाडांना जोडणारा मार्ग मुख्यतः सागरी होता. रत्नागिरी शहराच्या दक्षिण अंगास, काजळी नदीच्या मुखाजवळ, काळसर वाळूच्या किनाऱ्यावर मांडवी ही वस्ती व बंदर आहे. मांडवी या शब्दाचा मूळ अर्थ बंदरावरील जकात वसूल करण्याची जागा असा असून, पश्चिम किनाऱ्यावर या नावाची एकाहून अधिक ठिकाणे आढळतात. मुंबईतील गोदीलगतच्या धान्यबाजाराचा भागही मांडवी याच नावाने ओळखला जातो. रत्नागिरीच्या मांडवीस मोठी आगबोट धक्क्यास लागत नसे. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. दर्यावरील हंगाम सुरू झाला की चाकरमानी मुंबईस जात आणि शिमगा, लग्नसराई वा भातशेतीचे काम यांसाठी गावी परतत. मुंबईत खोली मिळणे अथवा न मिळणे यावर एखाद्या घरातील किती माणसे बोटीत चढणार, हे पुष्कळ वेळा ठरत असे.

स्थलांतराची कारणे सर्वपरिचित आहेत. डोंगरउताराची कातळमय जमीन, भात व नाचणी यांचे तुटपुंजे उत्पादन, जमिनीचे लहान तुकडे आणि खोती पद्धतीतील कुळांची परवड यांमुळे केवळ शेतीवर गुजराण होणे कठीण होते. खोतीची पद्धत कायद्याने १९४९ मध्ये रद्द झाली. तोवर कित्येक कुळांच्या खंडाचा भरणा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीतून होत असे. मुंबईत १८५४ पासून कापडगिरण्यांचा उद्योग उभा राहू लागला होता. गिरणीतील जॉबर हा बहुधा गावचा वा पंचक्रोशीतील माणूस असे. नोकरी त्याच्या शब्दावर आणि निवारा त्याच्या ओळखीवर मिळे.

हा निवारा म्हणजे चाळीतील एक खोली. तीत एक कुटुंब राही किंवा एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष मिळून ती भाड्याने घेत. अशी गावकीची खोली ही रत्नागिरीच्या चाकरमान्यांनी स्वतःच उभारलेली गृहनिर्माण संस्था म्हणावयास हरकत नाही. भाडे सर्वांत वाटले जाई. पाळ्यांच्या वेळा भिन्न असल्याने एकाच जागी दिवसा एक व रात्री दुसरा झोपे. प्रत्येकाची ट्रंक व वळकटी भिंतीशी असे आणि जेवणाची सोय शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे असे. नव्याने आलेल्या तरुणास नोकरी लागेपर्यंत भाडे माफ असे. गावचे देऊळ, शाळा वा पाणवठा यांसाठीची वर्गणी याच खोलीत गोळा होई. सरकारी अहवालांत अशा खोल्यांची नोंद 'दाटी' या एकाच सदराखाली झाली. दाटी होती, यात शंका नाही. १९११ च्या सुमारास शहराच्या लोकसंख्येपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एकखणी खोल्यांत राहत होते. तथापि ही दाटी अंशतः भाड्याच्या विभागणीची युक्ती होती आणि माणशी भाडे वाढल्याखेरीज ती कमी होणे शक्य नव्हते, हे तत्कालीन अभियंत्यांच्या हिशेबात क्वचितच आलेले दिसते.

सुधारणा मंडळ : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रुग्ण डॉ. आकासिओ व्हिएगस यांना आढळले. साथ वेगाने पसरली. हजारो लोकांनी शहर सोडले व त्यांतील बरेच आगबोटींनी कोकणात परतले. मजुरांच्या अभावी गिरण्या व गोदी अडचणीत आल्या. आरोग्याचा प्रश्न त्यामुळे व्यापाराचा प्रश्न बनला आणि शासनाने १८९८ च्या कायद्यान्वये 'मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ' स्थापन केले. ग्लासगो शहरात १८६६ मध्ये स्थापन झालेल्या अशाच मंडळाचा नमुना त्यासमोर होता. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढून समुद्राची हवा शहरात खेळवणे, नवी जमीन निवासासाठी तयार करणे आणि गरीब वर्गासाठी स्वच्छ चाळी बांधणे ही मंडळाची कार्ये होती. निर्वाचित सभासद असलेली महानगरपालिका अस्तित्वात असताना तिच्या शेजारी हे दुसरे मंडळ नेमण्यात आले व त्यात पालिकेच्या प्रतिनिधींची संख्या अल्प ठेवण्यात आली. मुंबईच्या गृहनिर्माणात निर्वाचित संस्थेस बाजूस सारून स्वतंत्र मंडळ नेमण्याची जी रीत पुढे रूढ झाली, तिचा उगम येथे आहे.

नागपाडा, आग्रीपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड इ. भागांत मंडळाने कामे केली. रस्ते झाले, हवा आली. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या, विशेषतः पहिल्या दशकात, कमी पडल्या. घरातून उठविलेली कुटुंबे जवळच्याच वस्तीत दाटीने राहू लागली व तेथील भाडी वाढली. एका ठिकाणची दाटी कमी करताना दुसऱ्या ठिकाणी ती निर्माण होत असल्याची टीका त्या वेळीही झाली होती. १९०९ पासून मंडळाचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर यांनी केवळ पाडापाडीऐवजी खोल्यांना उजेड व हवा मिळेल अशा बांधकाम-नियमांचा आग्रह धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खिडकीच्या पायथ्याशी येणाऱ्या प्रकाशरेषेचा कोन त्यांनी साडेत्रेसष्ट अंश ठरविला होता आणि मुंबईच्या वास्तुनियमांच्या इतिहासात हा कोन प्रसिद्ध आहे. मंडळास कर्जावरील व्याज फेडावयाचे असल्याने तयार केलेली उत्तम जमीन मध्यमवर्गास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे त्यास सोयीचे होते. दादर-माटुंगा योजनेतील वसाहती त्यातूनच निर्माण झाल्या. मध्यमवर्गाने याच काळात सहकाराचाही मार्ग धरला. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. गिरणी कामगारास मात्र ना भाडेपट्टा परवडत होता, ना सहकारी संस्थेचा भाग.

असे असले, तरी मंडळाच्या चाळींचे सामाजिक मोल कमी लेखता येत नाही. खाजगी घरमालक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लोकांना सहसा खोली देत नसत; सार्वजनिक मालकीच्या चाळीत त्यांना भाडेपावती मिळू शकली. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब परळ येथील मंडळाच्या चाळीत दीर्घकाळ राहत होते. पुढे १९३४ च्या सुमारास त्यांचे बिऱ्हाड दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या वास्तूत गेले. ही वसाहतही मंडळाच्याच योजनेतील होती. एकाच मंडळाने आखलेल्या दोन मुंबई यावरून स्पष्ट होतात. मंडळ १९३३ मध्ये संपुष्टात येऊन त्याच्या चाळी व जमिनी महानगरपालिकेकडे आल्या.

विकास विभागाच्या चाळी : पहिल्या महायुद्धाच्या काळात घरबांधणी थंडावली, साहित्य महागले व भाडी भडकली. १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये 'मुंबई विकास विभाग' स्थापन केला आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. खर्चासाठी कर्ज उभारण्यात आले व मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया उपकर बसविण्यात आला. कामगारांच्या घरांचा भार काही अंशी कापसाने उचलावा, ही कल्पना न्याय्य होती. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाइल रोड (नंतरचा ना. म. जोशी मार्ग) येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधोमध बोळ, टोकास सामायिक शौचालये आणि प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौ. फुट असा त्यांचा आराखडा होता. खोल्यांची एकूण संख्या सुमारे १६,५०० झाली, म्हणजे संकल्पाच्या एक-तृतीयांश.

या चाळी सिमेंट-काँक्रीटच्या असून भारतातील त्या काळातील अशा मोठ्या बांधकामांत त्यांची गणना होते. त्यांची मजबुती शतकभर टिकली. राहण्याची सोय मात्र पहिल्यापासून वादग्रस्त ठरली. वरळीस त्या वेळी बाजार व वाहतूक यांची वानवा होती. चाळीच्या मधल्या बोळात अंधार असे व काँक्रीटच्या खोल्या उन्हाळ्यात तापत. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील कामगार व त्यांची घरे या विषयावरील १९२५ च्या ग्रंथात या प्रश्नाचे तपशीलवार वर्णन आले आहे. खर्चानुसार येणारे भाडे कामगारास देणे शक्य नव्हते, म्हणून ते सवलतीने कमी ठेवावे लागले. तरीही कित्येक खोल्या, विशेषतः वरळीच्या, बराच काळ रिकाम्या राहिल्या. घरांसाठी तळमळणाऱ्या शहरात हजारो खोल्या ओस पडाव्यात, याचे वरकरणी आश्चर्य वाटते. पण वीस मिनिटे चालून पाळीवर जाणारा आणि गावकीच्या खोलीत भाड्याचा लहान वाटा देणारा माणूस दूरच्या एकट्या खोलीचे सबंध भाडे का भरील, या प्रश्नाचे उत्तर योजनेत नव्हते. १९३० नंतरच्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसांचा लोंढा आला आणि तेथे खोली मिळणे भाग्याचे समजले जाऊ लागले.

तुलनेसाठी व्हिएन्ना शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील नगरसभेने १९२३ मध्ये घरभाड्यावर चढत्या दराचा गृहकर बसविला आणि त्या उत्पन्नातून १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरे बांधली. बांधकाम कर्जावर न होता चालू करउत्पन्नातून झाल्याने भाड्यात व्याजाचा बोजा आला नाही. मुंबईत निर्वाचित महानगरपालिकेस असा कर बसविण्याचा अधिकारही नव्हता आणि तिच्या मतदारांत खोलीतील भाडेकरूंचा प्रभावही अल्प होता.

या काळातील एका आकड्याचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. १९२१ मध्ये मुंबईतील बालमृत्यूंचे नोंदलेले प्रमाण हजार जन्मांमागे साडेसहाशेंहून अधिक होते. चाळींच्या स्थितीचा पुरावा म्हणून तो आकडा वारंवार उद्धृत होतो. मृत्यूंचे प्रमाण भयानक होते, हे खरेच. तथापि कोकणातील पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व नंतर मूल घेऊन मुंबईस परतत. जन्माची नोंद गावी होई आणि मूल दगावल्यास मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दिसे. एकाच कुटुंबाची दोन घरे दोन वेगळ्या दप्तरांत विभागली गेल्याने आकडेवारी कशी फसवी होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मंडळे, नियंत्रणे व पागडी : स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यान्वये 'मुंबई गृहनिर्माण मंडळ' अस्तित्वात आले. केंद्र शासनाची सहायित औद्योगिक गृहनिर्माण योजना १९५२ मध्ये व अल्प उत्पन्न गटासाठीची योजना १९५४ मध्ये सुरू झाली. काळाचौकीचे अभ्युदयनगर, विक्रोळीची कन्नमवारनगर व टागोरनगर, चेंबूरचे टिळकनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, घाटकोपरचे पंतनगर इ. वसाहती या मंडळाने उभारल्या. मुंबईच्या वाढीच्या इतिहासात सार्वजनिक संस्थेने केलेले हे भरीव काम होते आणि गिरणगावातील खोलीतून बाहेर पडलेल्या अनेक कोकणी कुटुंबांना वेगळे स्वयंपाकघर प्रथम या वसाहतींत मिळाले.

दुसऱ्या बाजूस खाजगी भाड्याची घरे बांधणे जवळजवळ थांबले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. निर्वासितांच्या व महागाईच्या त्या काळात भाडेकरूंना हे संरक्षण अत्यावश्यक होते. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढी मिळत १९९९ पर्यंत टिकला. कागदोपत्री भाडे नाममात्र राहिले व खोलीचे खरे मोल पागडीच्या रूपाने रोखीत वसूल होऊ लागले. आधीपासून खोली असलेल्यास कायद्याचा आधार मिळाला, तर मांडवीच्या बंदरातून नव्याने आलेल्याच्या हाती पागडीसाठी रोकड नव्हती. तो पोटभाडेकरू झाला किंवा झोपडीत गेला. दुरुस्तीअभावी जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये वेगळा कायदा करून उपकर बसविण्यात आला. ज्यांच्या चाळी पडल्या, ती कुटुंबे संक्रमण शिबिरांत गेली आणि त्यांतील कित्येक तेथेच एका पिढीहून अधिक काळ राहिली. १९७१ मध्ये झोपडपट्टी सुधारणेचा अधिनियम झाला. ही सर्व कामे एका छत्राखाली आणण्यासाठी १९७६ च्या अधिनियमान्वये 'महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण' (म्हाडा) निर्माण झाले व डिसेंबर १९७७ पासून त्याचे काम सुरू झाले.

शहराच्या वाढीचे प्रादेशिक नियोजन करावे, हा विचार मोडक-मेयर यांच्या १९४८ च्या आराखड्यापासून मांडला जात होता. बर्वे व गाडगीळ समित्यांच्या शिफारशींनंतर १९७० मध्ये सिडको या शासकीय कंपनीची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यास प्रारंभ झाला. ठाणे व कुलाबा (नंतरचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन त्यासाठी घेण्यात आली. जमीन स्वस्तात संपादन करावी, रस्ते-पाणी देऊन तिचे मोल वाढवावे आणि त्या वाढीतून लहान घरांचा खर्च भागवावा, हे या योजनेचे अर्थशास्त्र होय. त्यातून सर्व उत्पन्न गटांसाठी घरे झाली. मात्र वाढलेल्या मोलात मूळ भूमिपुत्रांचा वाटा किती, हा प्रश्न १९८४ मधील शेतकऱ्यांच्या आंदोलनात व गोळीबारात उग्र झाला आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून चारकोप, गोराई व मालवणी येथे केवळ जोते, पाणी व शौचालयाची सोय असलेले भूखंड देण्यात आले व घर हळूहळू बांधण्याची मोकळीक ठेवण्यात आली. कोकणातील माणूस गावी घर असेच बांधतो : आधी ओटी-माजघर, पैसे येतील तशी पडवी. मुंबईतील सर्व योजनांत हीच एक योजना त्याच्या रीतीस जवळची होती. ती पुढे चालविली गेली नाही. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या द्वारे वाढीव चटई क्षेत्राच्या मोबदल्यात विकासकाने फुकट घरे बांधावीत, हे धोरण स्वीकारण्यात आले.

गिरण्यांची जमीन : जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. सु. ६०० एकर गिरणी-जमिनीचे काय करावयाचे, हा विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गृहनिर्माणातील सर्वांत मोठा प्रश्न ठरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे कल्पिले होते : महानगरपालिकेस मोकळ्या जागेसाठी, म्हाडास घरांसाठी व मालकास विकासासाठी. २००१ मध्ये नियमात बदल होऊन ही विभागणी गिरणीच्या आवारातील केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली व सार्वजनिक वाटे आक्रसले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हा बदल वैध ठरविला. एका शब्दाच्या अर्थावर इतकी घरे अवलंबून असल्याचे उदाहरण नगरनियोजनाच्या इतिहासात विरळा.

म्हाडाच्या वाट्यास आलेल्या जागेवर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या ६,९२५ घरांची सोडत जून २०१२ मध्ये निघाली. अर्जदारांची संख्या लाखाहून अधिक होती. १ जानेवारी १९८२ रोजी कामावर असलेला कामगार वा त्याचे वारस पात्र मानले गेले. यांतील बरेच अर्जदार एव्हाना रत्नागिरी, सिंधुदुर्ग व सातारा जिल्ह्यांतील आपल्या गावी परतले होते. तीस वर्षांपूर्वीचे हजेरीपत्रक, गिरणीचे ओळखपत्र, मृत्यूचा दाखला व वारसदाखला ही कागदपत्रे जमविणे हा त्यांच्या दृष्टीने घर मिळविण्याचा मुख्य भाग ठरला. पुढील काळात पनवेलजवळच्या कोन येथील घरेही गिरणी कामगारांसाठी देण्यात आली. ती मूळची भाडेतत्त्वावरील योजनेत बांधलेली, प्रत्येकी १६० चौ. फुटांची, दोन एकत्र करून एक घर करण्यात आले. विकास विभागाच्या चाळीतील खोलीही १६० चौ. फुटांचीच होती. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील त्या चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे देण्यात आले असून तेथील रहिवाशांना ५०० चौ. फुटांची घरे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने या योजनेबाहेर राहिल्या.

रत्नागिरी : ज्या जिल्ह्याने मुंबईची वस्ती वाढविली, त्याच्या स्वतःच्या नगरांतील गृहनिर्माण मागे पडले. रत्नागिरीची नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली. दिवाबत्ती, सफाई, पाणीपुरवठा व प्राथमिक शिक्षण ही तिची प्रारंभीची कार्ये होती; घरे बांधणे त्यांत नव्हते व त्याची निकडही भासत नव्हती, कारण कर्ते पुरुष मुंबईत होते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने व १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा तयार करण्याचे काम नगरपरिषदांकडे आले. आराखड्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी भूखंड राखून ठेवता येतो; पण दहा वर्षांत तो संपादन झाला नाही, तर मालकाच्या सूचनेनंतर ठराविक मुदतीत आरक्षण रद्द होऊ शकते. संपादनासाठी पैसा नसलेल्या लहान नगरपरिषदांची आरक्षणे अशा रीतीने नकाशावर उमटतात व नकाशावरून पुसली जातात. १९९२ च्या घटनादुरुस्तीनेही या बाबतीत एक विसंगती ठेवली आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ग्रामीण गृहनिर्माण हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत गलिच्छ वस्ती सुधारणा व नागरी दारिद्र्यनिवारण यांचा उल्लेख असून गृहनिर्माणाचा नाही.

म्हाडाच्या कोकण मंडळाचे कार्यक्षेत्र ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. त्याच्या घरांचा मोठा भाग मात्र विरार, ठाणे, कल्याण या मुंबईलगतच्या पट्ट्यात आहे, कारण मागणी व जमिनीचा भाव तेथे आहे. मोठ्या अभिन्यासातील २० टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखण्याचा २०१३ चा नियम दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी होता. रत्नागिरीसारख्या नगरास त्याचा लाभ नव्हता. २०१५ पासून प्रधानमंत्री आवास योजनेखाली स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी अनुदान मिळू लागले. ज्याच्या नावे सातबारा वा मालमत्ता पत्रक आहे, त्यास हे साहाय्य उपयुक्त ठरते. कोकणात एकाच घराच्या उताऱ्यावर चार पिढ्यांतील दहा-वीस हिस्सेदारांची नावे असणे नित्याचे आहे आणि त्यांतील अर्धे मुंबईत असतात.

किनाऱ्यावरील वस्त्यांना आणखी एक बंधन लागू आहे. १९९१ च्या सागरतटीय नियमनाच्या अधिसूचनेने भरतीरेषेपासूनच्या पट्ट्यातील बांधकामावर मर्यादा घातल्या. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी त्यांत फेरफार केले व मच्छीमार समाजाच्या पारंपरिक घरांना काही सवलती दिल्या. वाढत्या कुटुंबास जुन्या घरावर मजला चढविण्यासाठीही परवानगीचा प्रश्न उद्भवतो. त्याच पट्ट्यात पर्यटकांसाठीच्या निवासांना मागणी वाढल्याने जमिनीचे भाव कोळी व खारवी कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. याच काळात रत्नागिरी शहराची वस्ती सु. ७० हजारांवरून सु. ७६ हजारांवर गेली. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १,१२२ म्हणजे राज्यात सर्वाधिक होते. एकाच जिल्ह्याच्या खेड्यांत जांभ्या दगडाची कौलारू घरे वर्षातील दहा-अकरा महिने कुलूपबंद असतात आणि नगरात मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील कामगार, मच्छीमार नौकांवरील खलाशी व बांधकामावरील मजूर भाड्याच्या एका खोलीत चार-सहा जण मिळून राहतात. त्यांतील अनेक कर्नाटक, उत्तर प्रदेश वा नेपाळमधून आलेले असून त्यांची बिऱ्हाडे तिकडे आहेत. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्णपणे सुरू झाली. त्यापूर्वीच आगबोटी बंद पडल्या होत्या. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी फिरावयास येणाऱ्यांची गर्दी असते. मागील बाजूच्या आळ्यांतून मात्र बाहेरगावच्या खलाशांना खोली भाड्याने देणे हा एक लहानसा व्यवसाय झाला आहे. खोलीचे भाडे माणशी ठरते.